बाटल्यांना अहोजाहो करणारे सर

ये, अशी जवळ ये. लिहून बोलावतेय म्हणून लांबूनच मान हलवू नकोस, जवळ सरकून बस. आणि आधी माझी बोलणी खाऊन घे, कारण मला तुझा राग आलाय. फार नाही, चहात साखर कमी पडल्यावर येतो तेवढाच. गेल्या वेळी आलीस, पाणी प्यायलीस आणि ती प्लॅस्टिकची बाटली दोन्ही हातांनी पिळून, चेंदामेंदा करून कोपऱ्यात टाकलीस. वर जिन्याकडे बघून मला विचारलंस, "आत्या, तुझे ते बाटलीवाले अजून आहेत का गं?" विचारलंस त्याचं काही नाही. पण विचारताना जशी हसलीस ना, तशी आमची सगळी आळी हसायची, आणि पहिल्या दिवशी त्यांत मीही होते. म्हणून म्हटलं, हिला बसवून सगळं सांगावं. माझ्या भावाची मुलगी तू. तुला मी नाही रागावायचं तर कोणी?

तर, आहेत. गच्चीवरच्या त्याच खोलीत आहेत आणि चांगले आहेत.

आले त्या दिवशी खांद्यावर गोणी होती. दार उघडायच्या आधी मला आवाज आला, काचेवर काच लागल्याचा, आणि मग माणूस दिसला. उंच, जरासे वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी दात घासायचा जुना ब्रश. कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो, खोली हवी आहे, म्हणाले. मी गोणीकडे बघितलं. मला काचेचा आवाज कळतो. रिकाम्या बाटल्या होत्या, दहा-बारा तरी. शेजारच्या काकू तोवर कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्याच होत्या. त्यांनी डोळ्यांनीच मला सांगितलं, देऊ नकोस.

मी म्हटलं, "सर, पिऊन झाल्यावर एवढ्या जपून कशाला ठेवता?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मी नाही प्यायलो, मावशी. ज्यांनी रिकाम्या केल्या त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली."

मग त्यांनी गोणी खाली ठेवली, आणि तिथेच मी खोली द्यायचं ठरवलं. गुडघे वाकवून, गोणीचं बूड आधी जमिनीला टेकवून, मग हळूहळू ओझं सोडत. बाटल्यांची गोणी कशी ठेवायची हे सांगून कळत नाही, पुष्कळ फोडल्यावर कळतं. हा माणूस फोडून शिकलेला होता.

तुला आठवत नसेल, मागच्या अंगणातला मोठा हौद एकेकाळी भरलेला असायचा. तुझ्या आतोबांचा धंदाच तो. हॉटेलांतल्या, भंगारवाल्यांकडच्या रिकाम्या बाटल्या आमच्याकडे यायच्या, आम्ही त्या धुवायच्या, वाळवायच्या, रंगाप्रमाणे आणि तोंडाप्रमाणे लावायच्या, की त्या परत भरायला जायच्या. आम्ही म्हणजे मी आणि चार बायका. शाळेची पायरी मी चढले नाही. अक्षरं शिकले ती ओली लेबलं खरवडताना. पुढे प्लॅस्टिक आलं, आतोबा गेले, हौद कोरडा पडला. आणि मग हे गोणी घेऊन आले.

त्यांचं शिक्षण पुण्यात झालं होतं, जमिनीतून जुन्या वस्तू काढायचं शिक्षण. बरोबरीचे लोक हजार-दोन हजार वर्षांची खापरं शोधायचे, त्यावर पुस्तकं लिहायचे. हे देवळालीच्या कॅम्पाच्या आसपास गोऱ्या सोल्जरांनी फेकलेला कचरा उकरत बसायचे. त्यांच्या गुरूंनी म्हणे तोंडावर सांगितलं होतं की यात तुझं काही व्हायचं नाही. हे ते रागाने सांगायचे नाहीत. हवामानाचा अंदाज सांगावा तसे सांगायचे.

सवयी तरी किती सांगू. बाटली हातात घेतली की आधी तिला "या, कुठून आलात?" म्हणायचे. खरंच सांगते. विद्यार्थ्यांना अरेतुरे आणि बाटल्यांना अहोजाहो. मग अंगठ्याचं नख तिच्या अंगावरून वर वर न्यायचे, डोळे मिटून. मी विचारलं हे काय, तर म्हणाले सांधा शोधतोय. जुन्या काळी बाटली साच्यात फुंकायचे आणि तोंड नंतर हाताने घडवायचे, म्हणून अंगावरचा सांधा मानेपाशी येऊन विरतो. पुढे यंत्रं आली, तेव्हापासून सांधा थेट ओठापर्यंत जातो. मला हे पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या हातांखालून लाखभर सांधे गेले असतील.

चहा स्टीलच्या पेल्यातूनच घ्यायचे. काचेच्या ग्लासात दिला तर तो उलटा करून तळ बघायचे, आणि आत चहा असायचा. एकदा सांडला, दोनदा सांडला, तिसऱ्यांदा मी ग्लास फडताळात ठेवून दिले. कोणाच्या लग्नाला गेले की सोड्याच्या बाटल्यांचे तळ. कोणाला भेटायला दवाखान्यात गेले की सलाइनच्या बाटलीचा तळ. "आधी तळ बघा," म्हणायचे. "वरची बाजू सगळ्यांना दाखवायची असते."

लासलगावचा किस्सा तर आळीला पाठ आहे. मनमाडला त्यांची आई असते. तिकडून येताना बसमधून त्यांना एका कांद्याच्या व्यापाऱ्याच्या बंगल्याची भिंत दिसली. भिंतीवर चोर येऊ नयेत म्हणून फुटक्या काचा बसवलेल्या, आणि त्यांत एक काच जांभळट. हे पुढच्या थांब्यावर उतरले, मागे चालत आले, बेल वाजवली आणि म्हणाले, "तुमच्या भिंतीवरची काच जरा जवळून बघू का?" शेटजींनी दोघा हमालांना बोलावलं. सरांनी दोघांनाही समजावून सांगितलं की पांढरी काच करताना पूर्वी एक खनिज घालायचे, ती वर्षानुवर्षं उन्हात राहिली की असा कांद्याच्या सालीसारखा रंग घेते. कांद्याचं नाव निघाल्यावर शेटजी जरा निवळले. म्हणाले, आजवर चोर पुष्कळ आले, परवानगी मागणारा पहिलाच. छिन्नीने ती काच काढून दिली आणि वर जेवू घातलं. ती अजून खोलीत आहे, कापसात गुंडाळून.

आता मूळ गोष्टीवर येते.

कॅम्पाच्या मागे, नाल्याकाठी एका दादांचं शेत आहे. टोमॅटो, थोडी द्राक्षं. शेताच्या कडेला एक उंचवटा होता, बाभळी वाढलेला, तिथे नांगर घातला की काच लागायची म्हणून पडीक ठेवलेला. सर पाच वर्षं रविवार-रविवार तिथे जायचे. उंचवट्याची नाल्याकडची बाजू पावसाने कापली गेली होती, तिथे मातीचे तीन थर केकसारखे दिसायचे. खाली लाल मुरूम, मध्ये हातभर राख, वर काळी माती. त्यातून बाटल्या काढायच्या, कोणती कुठल्या थरातली ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात सरकवायची. प्रत्येक थराचे दोन क्रेट, असे सहा क्रेट झाले होते. औषधाच्या, शाईच्या, गोटीच्या सोड्याच्या. एक तर बुडाला गोल होती, उभीच राहायची नाही. मी म्हटलं ही घडवताना बिघडली. तर म्हणाले नाही, मुद्दाम तशी केली, आडवी ठेवावी म्हणजे बूच ओलं राहतं आणि सोड्यातला वायू जात नाही.

पण तो मधला राखेचा थर त्यांच्या जिवाला लागला होता. खालच्या थरात जुन्या बाटल्या, वरच्या थरात नव्या, हे बरोबर. राखेत मात्र जुन्या आणि नव्या एकत्र. का, ते कळेना. पुण्याचे लोक म्हणणार, कचरा कोणीतरी कधीतरी उलथापालथा केलेला आहे, थर बिघडलेत, इथे खणण्यात अर्थ नाही. आणि तसं म्हटलं की संपलं. कारण दादांना ती जागा सपाट करायची होती.

दादा वाईट माणूस नाही. पाच वर्षं थांबले. पण यंदा स्पष्ट म्हणाले, "सर, तुमच्या कचऱ्यापायी माझी लय जागा अडकलीय. दसऱ्याला जेसीबीची पूजा झाली, की दुसऱ्या दिवशी इथं फिरवनार. आता नाय थांबत."

सरांनी पुण्याला पत्रावर पत्र धाडलं. शेवटी उत्तर आलं. खणण्याच्या कामातल्या दोघी मॅडम नवरात्रात, तिसऱ्या माळेला येणार, बाटल्या बघणार, जागा बघणार. त्यांनी काम घेण्यासारखं आहे म्हटलं तर दादांशी बोलता येईल. नाही म्हटलं तर नाही. एवढी एकच संधी. सर त्या दिवसांत इतके गप्प झाले की बाटल्यांनाही काही विचारेनात.

घट बसायला तीन दिवस होते. ते आईला बघायला मनमाडला गेले, दोन रात्रींसाठी.

तुला माहीत आहे, घट बसायच्या आधी आपल्याकडे घरात न धुतलेलं काही ठेवत नाहीत. गोधड्या, चादरी, डबे, पाट, देवांची भांडी, सगळं. मी सगळं धुतलं. गच्चीवर गोधड्या वाळत घालायला गेले तर सरांची खोली उघडी आणि समोर सहा क्रेट, मातीने भरलेल्या बाटल्यांचे. मनात आलं, पुण्याच्या बायका येणार, एवढं आयुष्याचं काम, आणि आपण असा मळका माल दाखवायचा? पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या धुतल्या, घरातल्या माणसाच्या नाही धुवायच्या?

हौदात पाणी सोडलं. किती वर्षांनी. सोडा, काथ्या, तारेचा ब्रश. एक एक क्रेट खाली आणला, त्याची माती पाण्यात सोडवली, पाणी पेरूच्या झाडाला ओतलं, हौद विसळला, मग दुसरा क्रेट. एका क्रेटचं पाणी दुसऱ्याला लावायचं नाही, हे आमच्यात हातातच बसलेलं असतं. गळ्यांत कागदाचे बोळे होते, ते विरघळून गेले. मला वाटलं बुचाऐवजी कोंबलेत. दोन दिवस लागले. मग गच्चीवर गोणपाट अंथरून सगळ्या वाळत लावल्या, नेहमीसारख्या, हिरव्या हिरव्यांत, तपकिरी तपकिऱ्यांत, लहानमोठ्या ओळीने. ती गोल बुडाची उभी राहीना, तिला माझ्या चपलेत टेकवून ठेवली. दुपारच्या उन्हात गच्ची अशी दिसत होती की मीच खाली जाऊन शेजारच्या काकूंना बोलावून आणलं.

सर आले तेव्हा मी त्यांच्या मागोमाग जिना चढले. त्यांचं तोंड बघायचं होतं ना.

ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. मग त्याच पायरीवर बसले. पिशवी मांडीवरच राहिली. म्हणाले, "मावशी, चिठ्ठ्या?"

मी म्हटलं, "कसल्या चिठ्ठ्या?" आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पाणी कुठे ओतलंत?" मी म्हटलं पेरूला. ते खाली गेले.

कोणत्या थरातली कोणती, हेच तर त्यांचं सगळं काम होतं. वहीत याद्या होत्या, थोड्या बाटल्यांची चित्रंही होती, पण निम्म्यांना ती चिठ्ठी हीच ओळख. धुतलेली बाटली म्हणजे नुसती बाटली, बाजारात मिळते तशी. पाच वर्षं मी दोन दिवसांत स्वच्छ करून टाकली होती. चूल पेटवायचंही सुचेना. काकू कुंपणावरून म्हणाल्या, "आता काय झालं? एवढ्या छान तर दिसतात." मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, तुम्ही घरात जा.

मग मागच्या अंगणात पाहिलं तर सर पेरूखाली उकिडवे बसलेले, खुरप्याने गाळ सरकवत. मला सुचेना काय करावं. चहा केला. आणि चहाबरोबर एक पितळी वाटीही नेली. म्हटलं, एवढंच उरलंय, तेवढं तरी द्यावं.

वाटीत खडे होते. हरभऱ्याएवढे, काही तुरीएवढे, गोल, गुळगुळीत. काही बाटल्यांच्या मातीतून निघाले होते, ते मी वेगळे काढून ठेवले होते.

सरांनी दोन खडे उचलले. म्हणाले, "हे का ठेवलेत?"

"खडे कोण टाकून देतं, सर? यांनीच तर बाटली आतून निघते."

"निघते म्हणजे?"

मला वाटलं, माणूस इतकं शिकलाय आणि याला हे माहीत नाही. मी एक बाटली आणली, त्यात मूठभर खडे, चिमूटभर सोडा, अर्धं पाणी. तळव्याने तोंड दाबलं आणि हलवली, आधी वर-खाली, मग मनगट फिरवून. ब्रश जिथे पोचत नाही, खांद्याच्या आतल्या बाजूला, तिथे खडे पोचतात. म्हटलं, सोडा नसला तर राख चालते. माझी सासू राखच वापरायची. चुलीवर पाणी तापवायचं, तिचीच राख.

सरांचा चहा गार झाला. त्यांनी मला परत करायला लावलं. मग परत. मग हळूच विचारलं, "मावशी, खडे कुठल्या बाटल्यांतून निघाले?"

मी म्हटलं, "राखेच्या. तिसऱ्या आणि चौथ्या क्रेटमधल्या. बाकीच्यांत एकही नव्हता. त्या क्रेटांचं पाणी काळं आलं आणि बोटांना बुळबुळीत लागत होतं, ते मी कसं विसरेन?"

त्यांनी खडा तोंडात टाकला, सुपारीसारखा. विचार करताना करायचे तसं. म्हणाले, त्या शेतात, नाल्यात असा एकही गोल दगड नाही, सगळा टोचरा मुरूम आहे. असे खडे दारणेच्या पात्रातच. म्हणजे कोणीतरी ते नदीवरून वेचून आणलेत. मी म्हटलं, मग काय, आम्हीसुद्धा तिथूनच आणायचो.

त्यानंतर दोन दिवस आम्ही दोघं गच्चीवर. ते वही घेऊन, मी बाटल्या घेऊन. माझं डोकं नाही चालत, पण हात चालतात. ही धुताना लाल पाणी आलं, खालचा थर. हिच्या खांद्यावर पांढुरकं कडं आहे, ती राखेतली, तशा सगळ्या तिसऱ्या-चौथ्या क्रेटमध्येच होत्या. सरांनी विचारलं कडं कसलं, तर म्हटलं घासल्याचं. क्रेटमध्ये बाटली बाटलीला लागते, भरून जाते, परत येते, परत लागते. असं कडं एका फेरीत येत नाही, वर्षानुवर्षं फिरलेली बाटली ही. जुन्या आणि नव्या एकत्र का, ते सरांना तेव्हा कळलं. बाटली रिकामी झाली म्हणजे संपली, असं पुस्तकवाले धरून चालतात. आमच्या हातांत ती पुन्हा सुरू व्हायची.

शेवटी एकवीस बाटल्या अशा उरल्या की माझ्या हातांनाही आठवेना. मी म्हटलं, टाका कुठल्याही क्रेटमध्ये, कोणाला कळतंय? तेवढ्यावर मात्र ते रागावले. पहिल्यांदा आणि शेवटचं. त्या एकवीस वेगळ्या क्रेटमध्ये ठेवल्या आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "माहीत नाही".

तिसऱ्या माळेला मॅडम आल्या. एक तरुण, एक माझ्या वयाची, आखूड पांढरे केस, सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. दादाही आले होते, लवकर निकाल लागू दे म्हणून. मी सरांना आधीच सांगितलं होतं, सगळं माझ्यावर घाला, म्हणा अडाणी घरमालकिणीने घोळ केला. त्यांनी मोठ्या मॅडमना पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "बाटल्या धुतल्या गेल्यात. काचेवर नंबर घालायला हवे होते, ते मी घातले नाहीत. मला वाटायचं काचेवर लिहू नये, तिच्यावर आधीच पुष्कळ लिहिलेलं असतं. चूक माझी आहे."

तरुण मॅडमनी वही मिटली. मला वाटलं, संपलं.

मोठ्या मॅडम पुढे झाल्या. पहिल्यांदा "माहीत नाही"च्या क्रेटपाशी वाकल्या, ती पाटी वाचली, सरांकडे बघितलं. मग वाटीत हात घातला. मग मला म्हणाल्या, "करून दाखवता का?"

मी करून दाखवलं. गच्चीवर फक्त खड्यांचा आवाज. आणि त्या आवाजात दादा एकदम बोलले, इतका वेळ कठड्याला टेकून मोबाइल बघत होते ते.

"माझ्या आजीची आई कॅम्पात घासायला जायाची."

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांना अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "आजी सांगायची. हातांची सालं निघालेली आसायची म्हने, भाकरी थापता यायची नाय. आम्ही समजायचो, सायबाची भांडी घासत आसंल." मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात तुला माहीत आहेत, सोड्याने खाल्लेले, रेषा राहिल्या नाहीत. आधार कार्डाच्या वेळी अंगठा उमटेना, तेच हात.

मॅडमनी घाईने काही कबूल केलं नाही. म्हणाल्या, वाटीभर खड्यांवरून काही ठरत नाही, खणल्याशिवाय बोलणार नाही. पण खणावंसं वाटतंय. आणि दादांकडे वळून म्हणाल्या, तुमची परवानगी असेल तर.

दादा बराच वेळ चपलेने गच्चीची फरशी खरवडत होते. मग म्हणाले, "दोन गुंठे सोडतो. बाकीचं सपाट करनार. आन सर, तुम्ही म्हनलात म्हनून नाय सोडत. म्हातारीसाठी सोडतो."

सर म्हणाले, "चालेल." एवढंच म्हणाले, आणि खोलीत जाऊन उगाच कपाट उघडून उभे राहिले.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. दोऱ्या लावून चौकोन, पुण्याची पाच-सहा मुलंमुली, आणि सर. आता बाटल्यांवर नंबर असतात बरं का, तळाला, बारीक, वर पारदर्शक लाख लावून. प्रत्येकीची माफी मागून घालतात, असं ती मुलं सांगतात. मला ते खोटं वाटत नाही.

पौषात एका सकाळी सर मला न्यायला आले. राखेच्या थराखाली दगडांची एक ओळ लागली होती, मग दुसरी, चुन्यात बसवलेली. हौद होता. माझ्या हौदाहून लहान, एका बाजूचा काठ फुटलेला, आत राख आणि खडे, खडे, ओंजळी भरभरून खडे. मुलं फोटो काढत होती. मोठ्या मॅडम म्हणाल्या, मावशी, उतरता का खाली? सरांनी हात दिला.

मी हौदाशी बसले, उकिडवी, धुवायला बसतात तशी. तिथे जमीन जराशी खोलगट होती, पाय आपोआप तिथे बसले. मग उजवा हात पुढे गेला, बाटली काठावर टेकवून फिरवायची तसा, सवयीनेच गेला. दगडाला तिथे खाच पडलेली होती. माझं मनगट त्या खाचेत नीट बसलं.

मी हात काढला नाही. कोणी काढ म्हटलंही नाही. सर माझ्या शेजारी मातीत बसले होते, आणि त्यांनी त्या दगडाला विचारलं नाही कुठून आलात म्हणून. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "इथे किती जणी बसत असतील, मावशी?"

मी म्हटलं, "एकावेळी तीन. चौथीचे कोपर लागतात."

त्यांनी ते लिहून घेतलं, माझं वाक्य जसंच्या तसं.

आता तुला बोलावते ते ऐक. होळीपर्यंत हौद उघडा आहे, मग ताडपत्री घालून वर माती टाकणार, म्हणजे तो नीट राहील. मी सरांना सांगून ठेवलंय, माझी भाची येणार आहे. त्याआधी ये. साध्या चपला घालून ये, उतरावं लागतं. शनिवारी आलीस तर दोन दिवस रहा, भाकरी मी करीन. तू खाली उतर, त्या काठाशी बस, आणि तुझा हात कुठे जातो ते मला बघू दे.